पट एकेचाळीस

पट एकेचाळीस, उत्तीर्ण सव्वीस.
भागाकार केला : त्रेसष्ट पूर्णांक एकेचाळीस.
दशांशापुढे पुन्हा पटच उमटलेला.
हसले. स्टाफरूममध्ये ऐकायला कोणी नव्हतं.

मानखुर्दचा तक्ता उद्या वॉर्डात पोचवायचाय.
प्रवर्ग, धर्म, माध्यम, मातृभाषा.
यल्लव्वा धोत्रेपुढे मी गेल्या साली ‘मराठी’ लिहिलं,
ती वाकून बघत म्हणाली,
बाई, घरात आम्ही वडारी बोलतो.
वडारीला यादीत नंबर नाही.
‘इतर’ला आहे.

सर्फराज इद्रीसी, सहावीत मध्येच आलेला,
एवढा देखणा ‘ळ’
माझ्याही हातून उतरत नाही.
जपून काढतो, उसन्या वस्तूसारखा.
मराठीत अठ्ठ्याहत्तर. ह्याला रकाना नाही.

अनुत्तीर्ण पंधरा.
कारणासाठी जागा दीड इंच.
‘अनियमित उपस्थिती’ बरोबर मावतं.

पौर्णिमा खरटमल.
पाणी तिच्या गल्लीत सातला येतं,
भूमिती सातवीसला.
वर्षभर ती दुसऱ्या तासाला आली,
बाह्या कोपरापर्यंत ओल्या,
मीही वर्षभर विचारलं, उशीर का?
गणितात दोन गुणांनी गेली.

वॉर्डातून फोन : बाई, दशांश एकाच स्थळापर्यंत द्या.
शेवटचा एक खोडला.

दारात पौर्णिमा.
पुरवणी परीक्षेचा फॉर्म हवाय.
आणि, बाई, पेपर किती वाजता असतो?
अकराला, म्हटलं.
अकराला जमेल, म्हणाली.