सातवी वस्तू

पेटी आली तेव्हा वीज गेलेली होती.
पूर्व भागातले सगळे माग गप्प,
म्हणून कडी उघडल्याचा आवाज
साखर पेठेच्या टोकापर्यंत गेला.

सोबत टाइप केलेला कागद:
कंगवा एक. साबणाची डबी, साबणासहित.
पत्रं अकरा (आम्ही चौदा पाठवली होती).
लोकरी मोजे. आरसा, तडकलेला. पाकीट, रिकामं.
सातवी : चादर, सुती, एक.

नायनांनी कागद वाचला नाही.
चादर मांडीवर घेतली, काठावरून अंगठा फिरवला
आणि थांबले.
तेवढ्यात अव्वानं ती ओढून घेतली,
तोंड खुपसलं. म्हणाली, सायन्नाचाच वास.
तिच्या बोटांना विडीच्या पानाचा वास होता.

मग सत्तावीस वर्षं ती चादर धुतली गेली नाही.
वैशाखात गच्चीवर दोन तास ऊन,
गड्ड्याच्या थंडीत अव्वाच्या अंगावर.
एक डाग चहाचा, ती सांगायची.
दुसऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

अव्वा गेली तेव्हा मावशी म्हणाली,
पोराची चादर जाऊ दे तिच्याबरोबर.
नायना म्हणाले, नको.
एवढंच. लोकांना राग आला.

तेराव्यानंतर माग बंद करून
त्यांनी मला जवळ बसवलं.
‘मी काठात शेवटून तिसरा धागा हिरवा घालायचो.
मालकाला पत्ता नव्हता.
सायन्नाला दिली तिच्यात होता.
हिच्यात नाही.’

कधी कळलं?
‘अंगठ्याला तेव्हाच.’

मग अव्वाला का नाही...
त्यांनी धोटा उचलला, पुसला, परत ठेवला.
‘ती झोपायला लागली होती, बाबा.
आणि जाळायची कशी? दुसऱ्याची आहे.
मागायला आले तर?’

कुणी आलं नाही.
आता नायनाही नाहीत, माग भंगारात गेला,
त्या जागी भावजीचं मोबाइलचं दुकान आहे.
चादर माझ्याकडे. पाहुणे विचारतात, मी सांगतो
भावाची. कुणाच्या तरी भावाची
असेलच की ती.

आणि आमची कुठल्या गावी असेल,
कुठल्या दोरीवर, कुणाच्या अंगावर.
त्या घरी काठ ओळखणारं कोण असणार.
हिरवा धागा दिसला तर म्हणतील,
विणणाऱ्याची चूक.

वैशाखात मीही ऊन देतो.
घडी घालताना अंगठा काठावरून जातो,
शेवटून तिसऱ्या धाग्याशी
अजून अडतो.