कोअर वाजवून बघताना

फॉर्मवर प्रश्न होता:
कोअर नीट भाजला आहे, हे आपण कसे ठरवता?
खाली सहा ओळी मोकळ्या.
मी लिहिलं, ऐकून.
साडेपाच ओळी उरल्या.

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, कोअर शॉपला,
मला एकोणीस वर्षं झाली.
वाळू, तेल, मळणी, पेटी, ओव्हन.
बाहेर आला की बोटाच्या पेरानं टकटक करायचं.
कच्चा असला तर फुगलेल्या दारासारखा बोलतो,
पक्का असला तर नव्या कौलासारखा.
हे मला आनंदी मावशीनं दाखवलं.
दाखवलं म्हणजे काय,
माझा हात धरून एकदा कोअरवर आपटला
आणि म्हणाली, "कळ्ळं का?"
तिची कुणी कधी परीक्षा घेतली नाही.

आता विद्यापीठच कंपनीत येतं, दर गुरुवारी,
ऐनापुरे मॅडमच्या स्कूटीवरनं,
कॅन्टीनच्या वरच्या खोलीत.
खालून आमटीचा वास, वर आम्ही अकरा जण.
अर्धी फी कंपनीची, अर्धी पगारातनं.
सगळ्यात तरणा तो छत्तिशीचा.
दिलावर नदाफ चष्मा विसरतो
आणि फळा माझ्याकडून वाचून घेतो.
"सच्छिद्रता" म्हणजे काय ते कळल्यावर
तो हसतच सुटला, "म्हंजे भोकं व्हय!"
जन्मभर त्या भोकांपायीच बोलणी खाल्ली होती त्यानं.

पहिल्या स्वाध्यायात मी लिहिलं,
मी कोअर वाजवतो, मग ठरवतो.
मॅडमनी "वाजवतो"खाली लाल रेघ मारली.
मॅडम नाशिकच्या.
मी म्हणलो, आमच्यात बायका अशाच बोलतात,
आईसुद्धा "येतो" म्हणूनच गेली.
त्यांनी रेघ खोडली नाही.
बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, राहू दे.

मग प्रकल्प आला.
तीन महिन्यांचं रिजेक्शन, शिफ्टवार, आपापल्या हातचं.
पोरीच्या जुन्या वहीत रकाने आखले.
फेब्रुवारीपासून ब्लो होल वाढलेले,
आणि सगळे मी ओके केलेल्या कोअरचे.
मी वाळूवर संशय घेतला. तेलावर घेतला.
ओव्हनच्या तिसऱ्या फळीवर तर दोन पानं लिहिली.
मॅडम म्हणल्या, एक साधन तपासायचं राहिलंय.
कुठलं?
त्यांनी माझ्या कानाकडं बघितलं नाही,
वहीतच बघत राहिल्या.

सीपीआरमध्ये कान दाखवले.
डावा निम्म्यावर आलेला.
भिंतीपलीकडं फेटलिंगचे ग्राइंडर, एकोणीस वर्षं,
आणि कोअर मी कायम डाव्या अंगाला धरत आलो.

त्या रात्री भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज
मी मान वळवून उजव्यानं ऐकला.
हे लिहू नये असं वाटलं. नोकरीचा प्रश्न.
शेजारच्या घरात पंप चालू होता,
का बंद झाला होता, ते सांगता येईना.
मग लिहिलं.
"मोजमापातील त्रुटी" या मथळ्याखाली.
ओळी पुरल्या नाहीत,
जादाचं पान टाचणीनं जोडलं.

आता ओव्हनचं दार उघडलं की
सानिका कुरणे वाजवून बघते, वय बावीस.
मी ऐकत नाही. तिच्या तोंडाकडं बघतो.
कोअर कच्चा असला की तिची एक भुवई हलते,
तिला अजून ठाऊक नाही.

काल म्हणाली, मावशी,
पक्का कसा वाजतो ते सांग की एकदा.
मी तिचा हात धरला, कोअरपर्यंत नेला,
आणि सोडला.
म्हणलो, आधी तू सांग.
लिहून.
सहा ओळी आहेत.