आवाज शून्यावर

पारोळ्यात, बस स्टँडच्या मागे, निंबाआप्पाचं सायबर होतं.
तासाला पंधरा रुपये, कूलरमध्ये पाणी आपणच टाकायचं.
तीन नंबरच्या मशीनवर एक शिलेदार उभा असायचा,
गेम बनवणाऱ्यांनी त्याला तोंड दिलेलं, आवाज नाही.

बाकी सगळे बोलायचे. लोहार, चेटकीण, पुलावरचा पहारेकरी.
ह्याची पाळी आली की खाली तीन ओळी उमटायच्या
आणि सगळं जग माझ्याकडे बघत थांबायचं.
बाहेर धुळ्याची गाडी लागायची, सुटायची,
पहारेकरी पापणी न हलवता उभा.
एवढी वाट माझी कुणी पाहिली नव्हती.
वर्गात तर भामरे सर "पुढचा" म्हणून मोकळे.

मी तिसरी ओळ दाबायचो
आणि ओठातल्या ओठात बोलायचो:
"हाऊ पूल मी सोडाव नही, भाऊ."
चेटकिणीला: "कसाले रडस माय? मी शे ना."
शेजारचा हिरामण हसायचा.
शिलेदार कधी हसला नाही.
चार महिने तो आमच्या फाट्यावरच्या माणसासारखा बोलला,
आणि राज्य वाचलं.

मग दुसरा भाग आला.
त्यात शिलेदाराला आवाज होता,
भारदस्त, खर्जातला, गरम पाण्याच्या गुळण्या केलेला.
लोहारानं थैली पुढे केली. मी निवडलं: नको.
तो गरजला, तुझ्या सोन्यावर थुंकतो मी, नीच माणसा!
आणि तलवार उपसली.
मी एवढंच म्हटलं होतं, नको.
दुसरा चहा नको म्हणतात, तसं.
लोहार मेला. त्याची मुलगी
शेवटच्या गावापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुण्यात कळलं, असं होतंच.
आत दाबतो "जमणार नाही",
तोंड म्हणतं, "हो सर, रात्रीपर्यंत देतो."
मेसमध्ये एकदा "माले भात" निघालं
आणि आठ ताटांवरचे हात थांबले.
त्या रात्री नळ सोडून ठेवला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून,
आणि घोकत बसलो: मला. मला. मला.

त्याच मलानं पुढे काम दिलं.
काचेच्या खोलीत, कानावर हेडफोन,
मराठीत येणाऱ्या एका गेमचा नायक मी.
एका दुपारी अठ्ठावीस वेळा "नाही" म्हणालो.
दमलेलं नाही, जखमी नाही,
मनातून हो असलेलं नाही, ते सगळ्यात अवघड.
काचेपलीकडून मृणाल मॅडम:
"छान! फक्त ळ जरा अजून ळ करा."
पारोळ्याचा ळ मी जपून, जिभेवर काचेची गोटी ठेवल्यासारखा, ठेवला.

आखाजीला घरी गेलो.
सायबरचं झेरॉक्स झालंय, एक मशीन उरलंय कोपऱ्यात,
त्यावर आप्पाचा नातू.
आणि पडद्यावर, काय सांगू, माझा नायक.
माझं चिलखत. माझा पूल.
मी काउंटरला टेकून कान लावले,
आता येईल, आता येईल माझं अकरावं नाही.

पोरानं आवाज शून्यावर ठेवला होता.
खाली अक्षरं पळत होती
आणि त्याचे ओठ हलत होते.
काय म्हणत होता ते कूलरच्या घरघरीत ऐकू आलं नाही.
पहारेकरी मात्र ऐकत होता.

"काय रे," आप्पानं कागद सारखे करत विचारलं,
"आते काय काम करस तू, पुनाले?"

माझ्या पायाशी तीन ओळी उमटल्या.
सगळं दुकान थांबलं.
झेरॉक्सचा हिरवा उजेडसुद्धा अर्ध्यात.
तिन्ही ओळी शुद्ध होत्या.

"कूलरमा पानी टाकू का, आप्पा?" मी म्हणालो.