मोराची मान

हर्षाली म्हणाली, माझ्या लग्नात तुझा मोर नको.
मी हसलो.
एकतीस वर्षं मोरांवरच घर चाललं आमचं.
गरम तारेनं कापायचे, पिसाऱ्याला चमकी,
डोळ्याच्या जागी काळी टिकली.
करावे, नेरूळ, सारसोळे, पार उलव्यापर्यंत
माझ्या मोराच्या देखरेखीशिवाय
फारशा अक्षता पडलेल्या नाहीत कुणावर.

रविवारी ती मला जेट्टीवर घेऊन गेली.
मेव्हण्याची होडी, उतरती ओहोटी.
तिवरांच्या मुळांत दुधाच्या पिशव्या,
'शुभवि' एवढंच उरलेला फ्लेक्स,
आइस्क्रीमचे चमचे
आणि एक मान.

लगेच ओळखली.
मान अशी डावीकडे वळवणारा या पट्ट्यात मी एकटाच.
चमकी गेली होती, टिकली गेली होती,
गळ्याला कालवं चिकटून बसली होती,
पण ताठ.
मागे तारेनं कोरलेला माझाच आकडा: म्हा. १४.

म्हणजे म्हात्र्यांचा रोहिदास. दोन हजार सात.
नऊशे पान, तीन बँजो, माझं सगळ्यात मोठं स्टेज.
रोहिदास आणि त्याची बायको तीन वर्षांत वेगळे झाले.
दागिने मोजून वाटले,
अल्बम कुणीच नेला नाही.
इथे चिखलात मोर मात्र
नांदत होता.

"दाजी, याला मरान नाय," गोमा वल्हं थांबवून म्हणाला.
हर्षाली काहीच बोलली नाही.
ते जास्त लागलं.

मग पुन्हा शिकलो.
शिंदीची पात कशी चिरायची, किती वेळ ओली ठेवायची,
केळीचा खांब झुकतो, त्याला दटावता येत नाही.
हिरव्या स्पंजाशिवाय फूल उभं कसं राहतं?
राहतं. मातीच्या गाडग्यात, पाण्यात, जसं ते आधीपासून राहायचं.
उंबराची फांदी मात्र आमच्यात नेहमीच होती,
मीच तिला एवढी वर्षं
थर्माकोलच्या महालामागे लपवत होतो.

विहीणबाई घोडबंदरच्या. स्टेज पाहून म्हणाल्या,
"छान आहे हो. पण फोटोत काय येणार?"
मी म्हटलं, "मुलं येतील."
त्या हसल्या नाहीत.

पाहुण्यांना द्यायला मीठ घेतलं.
बापाचं आयुष्य मिठागरावर गेलं,
त्याच्या वाफ्यावर आता तीन विंगांची सोसायटी आहे, पोहण्याचा तलाव आहे,
म्हणून मीठ लांबून, पेणच्या बाजूनं आणावं लागलं. जाडं, करड्या रंगाचं.
माझे साटीनचे जुने पडदे कापले,
सहाशे पिशव्या, मुठीत मावतील अशा.
कुठल्या पिशवीवर अजून हळदीचा डाग,
कुठलीला पिनेची भोकं.
टाकून दिले असते तर तेही खाडीतच गेले असते.

आत्याबाई ओरडल्या, "मीठ हातात देतात का कधी? भांडणं होतील!"
मग टोपलीत ठेवलं. ज्यानं त्यानं स्वतः उचलावं.
काहींनी उचललं, काहींनी हुंगून परत ठेवलं,
एकानं विचारलं, "पाकिटं संपली का, हो?"
रोहिदासही आला होता, दुसऱ्या बायकोसोबत.
त्यानं दोन घेतल्या.
मानेबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी केळीचे खांब गायींनी संपवले,
झेंडू खड्ड्यात गेला,
दुपारपर्यंत अंगणात लग्न झाल्याची खूण
फक्त शेणावर उमटलेली पावलं.
एवढ्या लवकर आवरलेला मांडव
मी जन्मात पाहिला नव्हता. जरा रडूच आलं.

गोडाऊनमध्ये अजून बेचाळीस मोर आहेत.
वापरायचे नाहीत, जाळायचे नाहीत,
टाकायला जागा नाही.
आणि दारावर ती मान टांगलीय, कालवांसकट.
गिऱ्हाईक येतं, वर बघतं,
विचारतं, "हा भाड्यानं देता?"

मी म्हणतो, दिलाय.
दोन हजार सातपासून
त्याचं भाडं चालू आहे.