मसुदा सातवा

प्रादेशिक मत्स्यविज्ञान परिषदेसाठी
संशोधकांकडून सादरीकरणे मागवण्यात येत आहेत.
इथवर कोणाची हरकत नाही.

सारांश अडीचशे शब्दांत.
सहा मसुद्यांत एवढं एकच वाक्य टिकलं.
विषय: माशांच्या साठ्याचे अंदाज, जाळ्याच्या आसाचं माप,
खाजनातली कोळंबी, तापत चाललेलं पाणी.
डॉ. कुंकळ्येकर म्हणाले, मराठीतही काढा,
धक्क्यांवर लावा, भागधारक येऊ देत.
भागधारक म्हटल्यावर मला दिसले
बँकेच्या वार्षिक सभेत वडे खाणारे लोक.
मी ते खोडलं. मासेमार लिहिलं.
त्यांनी ते खोडलं.

मग डिंकाची बाटली घेऊन मी कुटबणला गेले.
साळ नदी तिथे समुद्राला मिळता मिळता
डिझेलचा मोरपिशी पदर ओढून घेते.
ट्रॉलर नुकते लागले होते,
झारखंडची पोरं टोपल्या झेलत होती
आणि कुटीच्या ढिगाशी पेर्पेत.
कुटी म्हणजे जे ताटात येत नाही ते:
बोटाएवढे बांगडे, खेकड्यांचे तुटके पाय,
नाव पडण्याआधीच वर आलेली पिल्लं.
खताच्या कारखान्याचा टेम्पो थांबलेला.
आम्ही याला आनुषंगिक पकड म्हणतो, मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, शब्द बरा आहे गो बाय,
वास येत नाही.

पत्रक तिने मला मोठ्याने वाचायला लावलं.
अडीचशे शब्द?
एवढे तर मी एका गिऱ्हाइकावर घालवते.
आणि हात धुऊन घरातून डबा घेऊन आली.

चहापत्तीचा, गंजका. आत पुड्या.
चर्चच्या कॅलेंडरची पानं,
जानेवारी, फेब्रुवारी, चौऱ्याण्णव सालापासूनची.
जून-जुलै नाहीत. बंदीत ती मिरच्या विकते.
प्रत्येक पुडीत दोड्याऱ्याच्या डोक्यातले खडे,
दोड्यारा, म्हणजे तुमच्याकडचा ढोमा,
त्याच्या कानातला पांढरा दगड
ज्याच्यावर तो पाण्यात तोल राखतो.
धाकट्याच्या खुळखुळ्यासाठी जमवले, मग सवय लागली.
धाकटा आता कुठल्याशा जहाजावर भांडी घासतो.

असे खडे आम्ही कापतो, घासतो, भिंगाखाली धरतो,
कडी मोजून माशाचं वय सांगतो.
त्यासाठी मी एकदा अनुदान मागितलं होतं.
पुरेसे जुने नमुने नाहीत
म्हणून अर्ज परत आला होता.

लिलावाच्या ओट्यावर मी पुड्या ओळीने उघडल्या.
पहिल्या काही वर्षांत चिंचोके.
मग कधीतरी हरभरे, बरीच वर्षं हरभरे.
गेल्या डिसेंबरात मसूर.
भिंग लागलं नाही.
वारा सुटला तशी तिने
मसुरांवर हात ठेवला.

अर्ज मीच भरला.
नाव: पेर्पेत फुर्ताद.
पदवी: इथे एक रेघ.
संस्था: कुटबण धक्का, बर्फाच्या कारखान्याकडची बाजू.
सहलेखक म्हणजे कोण, तिने विचारलं.
सोबत बसून काम केलेलं माणूस, मी म्हटलं.
तिने वारलेल्या बहिणीचं नाव सांगितलं
आणि स्पेलिंग नीट लिही म्हणाली.
सारांशाच्या चौकटीत मी दोन दिवस अडकून आहे.
तीन वेळा लिहिलं, 'आकार घटलेला दिसतो'.
तीनही वेळा ते
दुसऱ्याच कोणाच्या माशाबद्दल वाटलं.

दरम्यान केटररचा फोन आला.
दोन्ही दिवस दुपारी मासे आहेत,
मंगळूरहून येतील, काळजी नको.

तर मसुदा सातवा:
प्रादेशिक मत्स्यविज्ञान परिषदेसाठी
सादरीकरणे मागवण्यात येत आहेत.
सारांश अडीचशे शब्दांत
अथवा असेल त्या भांड्यात पाठवावा.
ओल लागू देऊ नये.

डॉ. कुंकळ्येकरांनी हे अजून खोडलेलं नाही.
ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत.