जिवंत गाठ

लिएक्साच्या लाकूडगिरणीत एकतीस वर्षं
माझ्यासमोरून फळ्या गेल्या.
पाइनच्या, स्प्रूसच्या,
कधी चीक अजून ओला.
एका फळीला तीन सेकंद. तेवढ्यात
उलटायची, गाठी मोजायच्या, खडूनं खूण करायची:
एक रेघ खिडक्यांसाठी, दोन रेघा जमिनीसाठी,
फुली म्हणजे खोकी, सरपण, जे काय होईल ते.
बघायची बोटं. डोळे नुसती सही करायचे.

मग ऑक्टोबरात तो आला, राखाडी बोगदा,
पोटात सोळा कॅमेरे.
एका सेकंदात तीन फळ्या.
हेइमो म्हणाला, "हा जावई आपण निवडलेला नाही,
पण पाट मांडावाच लागणार."
आणि डिसेंबरात तो स्वतःच घरी बसला.

मला मिळाली खुर्ची.
जन्मात पहिल्यांदा कामावर बसायला मिळालं
आणि पाठ दुखायला लागली.
शिकवायला तावी, ओउलूहून आलेला, सव्वीस वर्षांचा,
दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
"चुकलं तरी काही मोडत नाही, तेल्लेर्वो," तो म्हणायचा.
नेमकं तेच पटत नव्हतं.
माझ्या हातांची चुकायची सवयच गेली होती.

जानेवारीत उणे अठ्ठावीस.
बोगदा फळीमागून फळी बाहेर फेकू लागला:
तडा, तडा, तडा.
मी गेले, अंगठ्याच्या नखानं खरवडलं.
तडा कसला, बर्फाची शीर.
अख्खी पाळी हसली, मीही हसले,
जरा जास्तच वेळ.
गोष्ट इथे संपली असती तर
मी ती मरेपर्यंत सांगत फिरले असते.

पण मार्चमध्ये तावीनं पडद्यावर एक फळी आणली.
मी पास केलेली. माझी रेघ, माझा खडू.
कडेला निळसर झाक, बुरशीची,
असून नसल्यासारखी.
"अशा किती?"
तो आपले मोजे बघत बसला.
"चाचणीच्या महिन्यात... दोनशे चौदा."
एका महिन्यात.
एकतीस वर्षांनी गुणायचं धाडस
मी केलं नाही.

त्या रात्री सौनातल्या दगडांवर पाणी ओतलं,
वाफ कानाच्या पाळीला चावली.
योर्माला काही बोलले नाही.
कुठल्या गावात, कुणाच्या चौकटीत
बसली असेल माझी निळी चूक?
कुणीतरी तिच्यातून रोज
रस्ता बघत असेल, चहा पीत.

दुसऱ्या दिवशी खडूच्या खिशात पेन्सिल घातली
आणि नातीची अर्धी कोरी वही.
पहिल्या पानावर लिहिलं:
निळं कसं ओळखतोस?
तावीला वाटलं, त्याला विचारतेय.
मी बोगद्याला विचारत होते.
तावी बराच वेळ डोकं खाजवत राहिला.
"नीट माहीत नाही," म्हणाला, "त्यालाच कळतं, कसं ते
मलाही पुरतं सांगता येत नाही."
त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच.
मी थर्मासमधली कॉफी दोघांत ओतली.

आता मे. पिएलिनेनवरचा बर्फ
कडेनं काळा पडून सुटतोय.
माझ्या वहीत एकेचाळीस प्रश्न,
त्यातले अकरा मूर्खासारखे,
एकाचं उत्तर चुकीचं लिहिलंय, खोडायचं राहिलंय.
उरलेल्या वेळात मी बोगद्याला गाठी शिकवते.
पडद्यावर बोट ठेवून: ही जिवंत. ही मेलेली.

"मेलेली कशी ओळखायची?" तावी विचारतो.
तिच्याभोवती काळं कडं असतं, मी सांगते.
फांदी आधीच वाळलेली,
झाड नुसतं तिला वेढत गेलं,
दोघांत बोलणं नाही.
फळी सुकली की ती टपकन गळते
आणि भोक राहतं.
जिवंत गाठीला कडं नसतं.
झाड वाढत होतं तेव्हा तीही वाढत होती.
करवतीला जड जाते,
पण फळीला सोडत नाही.

तो लिहून घेतो.
मी माझ्या एकतीस वर्षांवरून
हळूच अंगठा फिरवते,
कुठे कडं लागतंय का चाचपत.

काही ठिकाणी आहे.

पुढची फळी.