हेल्मीची खिडकी

कॅर्दलाच्या रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत
हा डबा बसवलाय. पूर्वी तिथे झाडू ठेवायचे.
दोन बोटं जाडीचा, सहा तोंडांचा,
आणि पंखा असा वाजतो
की कुणी झोपेत दात खातंय.

ताल्लिनहून आदेश आलाय: सगळे पत्ते बदला.
पहिल्या पोर्टाला नवा पत्ता, दुसऱ्याला नवा,
मास्क असा, गेटवे तसा,
आणि जे कुणाच्याच कामाचं नाही ते पोर्ट बंद.
कुणाच्या म्हणजे कुणाच्या, ते आदेशात नाही.

मी टाइप करते. हातमोज्यांची बोटं कापलेली.
मास्क म्हणजे एवढंच ठरवणं
की घरातला कोण,
आणि कोणासाठी वेस ओलांडावी लागेल.
एक आकडा चुकला
तर भिंतीपलीकडचं एक्स-रे मशीनही परगावचं होतं.

हे एंडेलनं शिकवलं. हा डबा त्यानंच लावला.
वायरींवर अजून त्याचं अक्षर आहे,
चिकटपट्टीवर, बारीक, डावीकडे कललेलं.
मागच्या मार्चमध्ये तो गेला.

तो म्हणायचा, चालू डब्याचा पत्ता बदलणं
म्हणजे बसल्या फांदीवर करवत.
आधी दहा मिनिटांचं घड्याळ लाव.
तेवढ्यात तू 'कायम' म्हणाली नाहीस
तर डबा समजतो, ही बुडाली,
आणि सगळं होतं तसं करून ठेवतो.

त्याच दिवशी त्यानं मला
गोठलेल्या समुद्रावरून गाडी चालवायला लावली.
पट्टा सोड, म्हणाला. बर्फावर पट्टा बांधायचा नसतो.
तडा गेलाच तर दार उघडून पळता यायला हवं.
मी घाबरून त्याच्याकडे बघत होते,
तो सँडविच खात होता.

चौथ्या पोर्टावर दिवसभर काहीच नाही.
फक्त सकाळी आठला एक पुडकं येतं,
एखाद्या फोटोएवढं, की पुन्हा गप्प.
वर्णनाच्या रकान्यात लिहिलंय: हेल्मीची खिडकी.
डबा हा रकाना वाचत नाही.
तो मागून येणाऱ्यासाठी असतो.

सात वाजून चौपन्न. चौथं बंद. लागू कर. दहा मिनिटं.

मग वायर धरून वर गेले.
छताच्या कडेनं, औषधांच्या कपाटामागून,
मायमू नर्स लापशी वाढत होती तिथून,
खोली अकरा.

केस विंचरलेली म्हातारी खुर्चीत,
समोर वीतभर पडदा, राखाडी.
"काचेवर बर्फ बसलं असेल," ती म्हणाली.
"सोरूला वारा सुटला की झडतं आपोआप.
बस ना."

मी बसले. तिनं सांगितलं,
की स्वयंपाकघराच्या खिडकीत कॅमेरा आहे, धक्का दिसतो.
की घरात आता कुणी नाही, पण विजेचं बिल ती भरते.
की नवरा म्हणायचा, तुला इथे करमणार नाही,
म्हणून मी खिडकी इकडे ओढून आणतो.
"वेडा होता. वायरी सोडून काही यायचं नाही त्याला."

खिशात फोन थरथरला. कायम करू? तीन मिनिटं.
गुडघ्यावर पालथा ठेवला.
पुन्हा थरथरला.
मायमू दारात येऊन माझ्याकडे बघून गेली.

आठ वाजून चार.
पडदा आधी काळा झाला, मग वरून खाली भरत आला:
फिकट आभाळ, धक्का,
उपड्या घातलेल्या दोन होड्या,
आणि बर्फावरून स्लेज ओढत निघालेला ठिपक्याएवढा माणूस.

"बघ, झडलं," हेल्मी म्हणाली.
"हा हेइनो. एवढ्या थंडीत मासे धरायला जाणारा
बेटावर तो एकच गाढव."

खाली आले तर सगळे जुने पत्ते परत जागेवर.
पहिलं पुन्हा. दुसरं पुन्हा. मास्क पुन्हा.
पाऊण तास गेला, कॉफी गार.
अहवालात लिहिलं, पोर्ट चार: वापरात.
कोण वापरतं, या रकान्यात
एंडेलचेच दोन शब्द उतरवले
आणि 'कायम' दाबलं.

वरून मायमू ओरडत होती,
एक्स-रे कधी सुरू होणार म्हणून.